ओवाळणीतलं मत

नेकनूर,
आश्विन वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय मोहन,

तुला, छबूला, तुमच्या दोन्ही पोरींना आणि घरातल्या सगळ्या लहानथोरांना आशीर्वाद. हे पत्र सीताफळवाल्या कासमच्या हाती पाठवते आहे. सीताफळांच्या टोपलीत, पाल्याच्या अगदी खालच्या थरात ते सापडेल. टपालानं धाडलं असतं, पण तुमच्या इंग्रजी खालशात आणि आमच्या निजामाच्या मोगलाईत ये-जा करणारे कागद हल्ली फोडून वाचतात असं लोक बोलतात. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरचा शिपाई मात्र सीताफळं दाबून बघतो, त्यातली चार उचलतो आणि गाडी सोडतो. एरवी माझं पत्र म्हणजे चार ओळी असतात. सगळी खुशाल, पेरणी झाली, छबूला सांग बरणी रिकामी करून धाड. या खेपेला कागद पुरला नाही म्हणून यांच्या जुन्या वहीतली पानं फाडली आहेत. तू आता मोठा माणूस झालास, तुझ्या ओट्यावर सकाळपासून पांढऱ्या टोप्यांची रांग असते म्हणे. तिथं बसून हे वाचू नकोस. माजघरात जा, आणि छबूला ऐकायचं असेल तर तिला ऐकू दे.

इकडे ज्वारी पेरून झाली. यांचा गुडघा पावसाळ्यात धरला होता, आता बरा आहे. तुझ्या दाजींचा स्वभाव तुला ठाऊकच आहे, दिवसाकाठी दहा शब्द बोलतील, त्यातले सहा बैलांशी. सीताफळं यंदा बेसुमार आली आहेत. डोंगराच्या कडेला झाडं वाकली आहेत आणि कासमची बायको हजराबी, आमची शेजारीण, दिवसभर डोळे उघडलेली, पिकायला आलेली फळं वेगळी काढत बसलेली असते. मीही तिच्या शेजारी बसते. तिथंच आमची राजकारणं चालतात. हसू नकोस. चार पुरुष एका जागी जमून देशाबद्दल बोलू लागले तर पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांची परवानगी लागते, पण दोन बायका सीताफळं निवडत बोलल्या तर अजून लागत नाही.

आषाढात तुमच्याकडे मुंबईला नवं सरकार बसलं, तुमच्या पक्षाचे लोक मंत्री झाले, ही बातमी आमच्याकडे कासमनंच आणली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. तू सोळा वर्षांचा असताना आबांपासून चोरून सूत कातायला बसायचास आणि मी माहेरी आले की दाराशी पहारा करायची, ते सगळं आठवलं. मी हजराबीला गूळ दिला. ती म्हणाली, “तुमच्या भावाचं राज आलं म्हना की, बाई. मग आता नाक्यावर आमची टोपली कावून उतरवत्यात?” मी तिला समजावलं, की राज्य नदीपलीकडे बदललं, अलीकडे नाही. सहा प्रांतांत तुमच्या पक्षाचं सरकार आलं, पण आपण निजाम सरकारची रयत, आपल्याला कुणी विचारलेलं नाही. ती म्हणाली, “म्हंजी त्यांना इचारलं, आन् त्यांनी सांगितलं, आन् सरकार उठून गेलं? निस्तं सांगितल्यावर?” तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मलाही ते नवल वाटलं. आपल्या गावात त्याचा इतका गलबला झाला होता, की त्यातलं नवल दिसायचंच राहून गेलं होतं.

इथं नेकनूरात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. कुणी म्हणतं, खालशात सारा माफ होणार, दारू बंद होणार. कुणी म्हणतं, आपला राजा आपल्याला बरा, पलीकडच्या भानगडी आपल्याला नकोत. कासम दोन्ही मुलखांत फिरतो, म्हणून त्याला सगळे विचारतात. तो म्हणतो, “मानसं तीच हायेत. फकस्त डोस्क्यावरचं बदललं.” तुला हे लागेल, पण त्याचा राग धरू नकोस. तो तुझी फळं कधी मोजून देत नाही.

मागच्या आठवड्यात तो तुमच्याकडून परत आला तो माझ्या दारात येऊन उभाच राहिला. पाणी दिलं तर प्यायला नाही. म्हणाला, “बाई, तुमच्या मैतरणीची शाळा बंद झाली.” भिवराबाईला शाळेतून काढलं, गेल्या अमावास्येपासून मुलींच्या शाळेला कुलूप आहे आणि किल्ली तुझ्या माजघरात खुंटीला लटकते आहे, हे त्याला छबूनंच सांगितलं. भिवरा आपलं बोचकं बांधून मावसबहिणीच्या गोठ्यालगतच्या खोलीत जाऊन राहिली आहे. मुली काही दिवस तिथंही पाट्या घेऊन जात होत्या, मग त्यांच्या बापांना कुणीतरी समज दिली. कारण काय, तर माघातल्या निवडणुकीत बायकांच्या पेटीत पक्षाविरुद्ध पडलेलं ते एक मत तिचं होतं. दिवाळीनंतर शाळा-समिती बसणार, तेव्हा तिचं नाव कायमचं कमी करणार, आणि समितीचा मुख्य तू.

मोहन, भिवरानं ते मत दिलेलं नाही. मी हे अंदाजानं म्हणत नाही. मला ठाऊक आहे. कसं ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे. मधेच पत्र टाकून उठू नकोस.

तुला सटवाजी मास्तरांची शाळा आठवते ती तुझ्या वेळची, बाकं आणि फळा असलेली. माझ्या वेळी ती मारुतीच्या देवळामागची पडवी होती. मुलींना शिकवायचं म्हणून मास्तर घरोघर फिरले. आबांनी त्यांना दोनदा दारातून परत लावलं. तिसऱ्यांदा मास्तर आले ते मूठभर चिंचोके घेऊन. आबांसमोर जमिनीवर त्यांनी चिंचोक्यांनी तीन अक्षरं मांडली आणि मला म्हणाले, “हे तुझं नाव, पोरी. आता मोडतो, परत मांडून दाखव.” मी मांडलं. ‘सा’चा काना जरा वाकडा झाला. आबा बराच वेळ त्या चिंचोक्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, “चार दिवस जाऊ दे.” ते चार दिवस सहा वर्षं चालले. पडवीत आम्ही दोघीच मुली होतो, मी आणि भिवरा. एका चटईवर बसायचो. माझं लग्न झालं आणि मी इकडे आले. तिचं झालं आणि तीन वर्षांत ती कपाळ पुसून परत आली. तेव्हा मास्तरांनीच तिला पुढं शिकायला धाडलं आणि मुलींची शाळा तिच्या हाती दिली. हे तू पाहिलेलं आहेस. तिनं तुझ्या दोन्ही पोरींना शिकवलं.

इथं आल्यावर माझं नाव बदललं. ताटातल्या तांदळात यांनी अंगठीनं ‘सुंदरा’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून मी सुंदरबाई झाले. बावीस वर्षांत साखरा म्हणून मला इकडे कुणी हाक मारली नाही. हजराबीला तर माझं ते नाव ठाऊकच नाही. आबा आणि आई गेल्यावर ते नाव तुझ्याकडे आणि भिवराकडे तेवढं उरलं, आणि तूही मला अक्काच म्हणतोस.

आता गेल्या वर्षीची भाऊबीज आठव. मी ओवाळलं, तू खिशात हात घातलास आणि ताटात एक कागदाचा तुकडा टाकलास. मला वाटलं, थट्टा करतो आहेस. उचलून वाचलं तर तुझ्या हातचं अक्षर होतं. मतदारांची यादी, अनुक्रम दोनशे चौदा, साखराबाई बाप रामकिसन, राहणार याच गावी, लिहितावाचता येते. तू केवढ्यानं हसलास. म्हणालास, “अक्का, यंदा ओवाळणीत तुला मत घातलंय. लुगडं फाटतं, हे फाटणार नाही.” त्या उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा एका कागदावर माझी सही घेतली होतीस, ती कशासाठी ते तेव्हा कळलं. मी तुला म्हणाले, की अरे, मी मोगलाईतली. मला कसलं मत? तर तू रागावलास. कारकुनानंही तुला हेच विचारलं होतं, ही बाई राहते कुठं? आणि तू त्याला सांगितलंस, कुठं म्हणजे, आमच्या घरी. तू त्याला फसवायला बोलला नाहीस, हे मला तेव्हाही कळलं. तुला खरोखरच तसं वाटतं. ‘राहणार याच गावी’ या शब्दांवर मी गाडीत बसून नेकनूरपर्यंत रडत आले, हे तुला आजच सांगते आहे.

मग माघात मी आले, आठ दिवस आधीच. त्या आठ दिवसांत तुझा पाय घरात ठरला नाही. बायकांची सभा तूच घेतलीस. आम्ही अकरा जणी, लिहितावाचता येणाऱ्या म्हणून मत मिळालेल्या, ओट्याखाली बसलो होतो. तू काय छान बोललास, मोहन! चिठ्ठी कशी घ्यायची, आडोशाला कसं जायचं, फुली कुठं करायची. आणि म्हणालास, “पेटीत काय टाकलंत ते कुणाला सांगायचं नाही. सासऱ्याला नाही, नवऱ्याला नाही, मला नाही.” बायका पदरात तोंड घालून हसल्या. नवऱ्यापासून चोरून एखादी गोष्ट करायला सांगणारा पुरुष त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. भिवरा माझ्या कानात म्हणाली, “तुझा भाऊ मास्तर व्हायला हवा होता.”

पण उमेदवार म्हणून तुम्ही उभं केलंत कुणाला? बापूसाहेबांना. उसाचा मळा, चार गुऱ्हाळं, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत कलेक्टरच्या तंबूपुढं फेटा बांधून उभा असणारा माणूस. टोपी इतकी नवी, की घडीची रेघ मोडली नव्हती. तू स्वतःच छबूपाशी कुरकुरलास, मी आतल्या खोलीत होते. म्हणालास, वरून हुकूम आला, निवडून येणारा माणूस पाहिजे. आणि समोर कोण उभं, तर आपले सटवाजी मास्तर. कुठल्या पक्षाचे नाहीत, खांद्यावर जुनी शाल आणि पाठीमागं त्यांचे चार विद्यार्थी. तू त्यांच्या घरी जाऊन पाया पडून आलास आणि त्याच पावली त्यांच्याविरुद्ध सभा घ्यायला गेलास. मी तुला दोष देत नाही. तू म्हणालास, की हा प्रश्न मास्तरांचा नाही आणि बापूसाहेबांचाही नाही, देशाचा आहे, झेंड्याला मत द्यायचं. तेही मला पटलं. दोन्ही गोष्टी पटल्या, हीच तर पंचाईत होती.

मतदानाच्या दिवशी धर्मशाळेच्या मागच्या दारानं बायकांना आत सोडत होते. भिवरा माझ्या मागे होती. परतताना आम्ही दोघी ओढ्याच्या वाटेनं आलो. तिथं वाळूत बसून ती रडली. म्हणाली, “साखरे, मास्तरांमुळं मी माणसात आले. पण दहा वर्षं मी त्या झेंड्यासाठी सूत कातलंय गं. मी फुली झेंड्याला केली. आता मास्तरांपुढं जाऊ कशी?” तू सभेत सांगितलेलं तिनं मोडलं ते माझ्यापाशी, एकदाच. तिचं मत बापूसाहेबांनाच गेलं, मोहन. मी हे तिच्या तोंडून ऐकलं आहे, ती रडत असताना. खोटं सांगायला तिला माझी भीती नव्हती.

मी इकडे आल्यावर पंधरा दिवसांनी तुझं कार्ड आलं. बापूसाहेब मोठ्या आघाडीनं निवडून आले, आणि खाली लिहिलं होतंस, “बायकांच्या पेटीत अकरा. दहा आपली, एक फितूर.” पेट्या फोडताना तू तिथं होतास, आणि बायकांची पेटी अख्खी आणतो असा शब्द तू बापूसाहेबांना चारचौघांत दिला होतास. त्यांनी त्या एका मतावरून तुझी थट्टा केली, हे मला पुढे छबूकडून कळलं. हजारोंनी जिंकलेल्या माणसाला एका मताचा डंख लागावा, याचं मला तेव्हा हसू आलं. आज येत नाही. तो ‘फितूर’ शब्द आठ महिने माझ्या पेटीत लुगड्याखाली पडून आहे.

वैशाखात मी आले तेव्हा गावात अजून मास्तरांचं नाव घेणारे भेटत होते. मुंबईला तेव्हा दुसऱ्याच कुणाचं मंत्रिमंडळ होतं, वारं कुठं वळेल हे कळत नव्हतं, म्हणून सगळे सगळ्यांशी गोड होते. आषाढात तुमचं सरकार बसलं, आणि कासम म्हणतो, आता गावात मास्तरांना मत दिलं असं म्हणणारा एक माणूस सापडत नाही. आपल्या गावातून मास्तरांना दोनशेच्या वर मतं पडली होती, तूच मला सांगितलंस. ती कुणी दिली? जो भेटतो तो म्हणतो, मी पहिल्यापासून पक्षाचाच. कलेक्टर आला की ज्याच्या दारात मांडव पडायचा, तो तुमचा पाटील आता पहाटे प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढं झांजा घेऊन असतो म्हणे. तो तुला मागं वळून ‘फितूर शोधा’ म्हणतो, आणि तू शोधतोस. दोनशे पुरुषांना विचारण्याची तुमची छाती नाही. म्हणून अकरा बायकांना विचारलंत.

आणि त्यातही कुणाला विचारलंत? नऊ जणींना नवरे होते. त्यांनी आपापल्या बायकांची ग्वाही दिली, आणि तुम्ही ती मानलीत. जिच्यासाठी ग्वाही द्यायला पुरुष नव्हता, ती एक उरली. भिवराला समितीपुढं उभं केलंत, तेव्हा ती म्हणाली, “मत गुप्त असतं. ते सांगायचं नसतं असं मोहनरावांनीच आम्हाला शिकवलं.” एवढंच. बापूसाहेबांना दिलं, इतके दोन शब्द बोलली असती तर तिची शाळा राहिली असती. ते खरंही होतं. ती बोलली नाही. कासम म्हणतो, सगळ्यांना तो उद्धटपणा वाटला. तुलाही वाटला असेल. मला ते ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही.

मास्तरांचंही कासमनं सांगितलं. ते त्याच्याकडून दरवर्षी दोन सीताफळं घेतात. निवडणुकीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, पडलो त्याचं दुःख नाही, पण बायकांच्या पेटीत एक मत पडलं ते कुणाचं हे देव जाणे, ते मी जपून ठेवलंय. आणि भिवरावर आळ आल्याचं कळलं तेव्हा काठी घेऊन तुझ्या दारापर्यंत आले होते. तू खरंच घरी नव्हतास, की नव्हतास असं सांगितलं गेलं, ते मी विचारत नाही.

तू वाईट झालास असं मला वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी तू दोनदा तुरुंगात गेलास ती गोष्ट हाती आली, आणि ती कुणीतरी हिसकावून नेईल या धास्तीनं तू मूठ आवळून बसला आहेस. त्या मुठीत काय काय चिरडतं ते तुला दिसत नाही. इथं राहून मला ते नीट दिसतं, कारण इथं आम्हाला रोज तोंड बघून बोलावं लागतं. नाक्यावर एक, चावडीवर एक, घरी एक. तुमच्याकडे ते संपलं, असं मी हजराबीला सीताफळं निवडताना मोठ्या तोऱ्यात सांगत होते. सांगितल्यावर सरकार उठून जातं, आणि सांगणाऱ्याच्या केसाला धक्का लागत नाही, असं म्हटलं होतं मी तिला. परवा तिनं विचारलं, “त्या मास्तरीनबाईला काढलं म्हनं? कावून?” मी फळं निवडत राहिले.

माघात मी परत आले त्या दिवशी यांनी मला एवढंच विचारलं होतं, “दिलं का मत?” मी म्हटलं, दिलं. “कुनाला?” मी म्हटलं, सांगायचं नसतं. तर हे हसले, आणि म्हणाले, “बरं हाय. आपल्या घरात एकाला तरी न सांगन्याजोगं कायतरी हाय.” पुन्हा कधी विषय काढला नाही. मी मतदान केलं हे इथल्या चावडीवर कळलं, तर निजामाच्या रयतेतली बाई खालशाच्या कारभारात गेलीच कशी म्हणून यांना जाब द्यावा लागेल. तुमच्याकडे कळलं, तर नाव खोटं घातलं म्हणून तुला द्यावा लागेल, आणि बापूसाहेबांचे विरोधक ते आनंदानं कोर्टात नेतील. म्हणून काल रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ गुडघा चोळत बसले, मग म्हणाले, “लिही. कासम उद्या निघतोय.” वही यांनीच काढून दिली.

तर मोहन, आता तुझ्या अकरा बायका परत मोज. नऊ जणींच्या नवऱ्यांनी ग्वाही दिली. दहावी भिवरा. अकरावीला तू मोजलंसच नाहीस. ती घरची, तिचं काय विचारायचं, असं म्हणून पहिल्यापासून आपल्या खात्यात धरून चाललास. त्या आडोशाला मी चिठ्ठी घेऊन उभी राहिले, तेव्हा मी खरंच तुझ्या माणसापुढं फुली करायला हात नेला होता. पण चिठ्ठीवर नावं छापलेली होती, आणि मला वाचता येत होतं. सटवाजी हे नाव मी अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि मला चिंचोके दिसले. त्या माणसानं मला वाचायला शिकवलं नसतं तर मी त्या आडोशाला उभीच राहिले नसते. फितुरी मनात नव्हती रे. तू ताटात घातलेलं माझं झालं असं मी समजले, कारण आजवर तू घातलेली कुठलीच ओवाळणी तू परत मागितली नाहीस. आठ महिने मी गप्प बसले, कारण तुझ्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती, आणि माझ्या भीतीची शिक्षा भिवरा भोगते आहे. तिला ठाऊक आहे. ओढ्याच्या वाळूत तिनं आपलं सांगितलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मला काही विचारलं नाही. भाऊबीजेला मी येणार आहे, तू बोलावलंस तरी आणि नाही तरी. यंदा ताटात लुगडं नको, नाणं नको. माजघरातल्या खुंटीवरची ती किल्ली घाल, मी ती ताटासकट भिवराच्या दारात नेईन. आणि ते तुला जमणार नसेल तर हे पत्र समितीपुढं ठेव, आणि खालची सही त्या उन्हाळ्यातल्या अर्जावरच्या सहीशी ताडून बघा. काना अजून वाकडाच येतो.

तुझीच अक्का,
साखराबाई बाप रामकिसन
अनुक्रम दोनशे चौदा, राहणार याच गावी